तू सुधारून आल्यापासून

प्रिय शेंडेफळ,

तू पलीकडच्या खोलीत चादरीच्या घड्या घालतोयस आणि मी अलीकडे बसून तुला पत्र लिहितेय. हसशील. म्हणजे पूर्वी हसला असतास.

घड्याळवाल्या काकांचं दुकान फोडलंस, सुधारगृहात दोन वर्षं काढलीस, आणि परत येऊन आता महिना होईल. तिथल्या साहेबांनी दाखल्यात लिहिलंय, वर्तनात समाधानकारक सुधारणा. आई म्हणते, पोरगं सुधारलं, आता उलटून बोलत नाही. बाबांच्या लेखी सुधारणा म्हणजे तू त्यांच्या चपलांच्या दुकानात मुकाट बसतोस ती. परवा घड्याळवाले काकासुद्धा म्हणाले, गाडी रुळावर आली हो. ज्याला जी हवी ती सुधारणा मिळाली. मीच काय ती कोरडी. मला आनंद होत नाही आणि रडूही येत नाही. दात काढून आल्यावर आपलाच ओठ आपल्याला जाणवत नाही, तसं झालंय.

जेवायला वाढलं तरी कुणी बस म्हणेपर्यंत तू उभा राहतोस. पाणी प्यायलाही विचारतोस. अंघोळीला जाताना दाराची कडी लावत नाहीस. माझ्या ताटातला घास पळवणारा तू, आता स्वतःच्या ताटातलं माझ्यापुढे सरकवतोस. मला वाटायचं, सुधारणं म्हणजे तोच तू, फक्त ती एक चोरी वजा. इथे रोगापेक्षा औषधच जालीम निघालं. मला भीती वाटते, की आपण दाखला घरी आणला आणि तुला तिथेच ठेवून आलो.

काल सकाळी कप फुटला ना, तो निसटला नव्हता. मी मुद्दाम सोडला. वाटलं, आता तरी आतून ओरडशील, डोळे फुटले का म्हणून. तू धावत आलास, भिंतीला पाठ लावून उभा राहिलास आणि म्हणालास, माझी चूक झाली, ताई. तू तर दुसऱ्या खोलीत होतास रे.

हे तोंडाने सांगितलं असतं तर तू हो ताई म्हणून मान हलवली असतीस, म्हणून लिहिलं. जन्मात कधी तू मला ताई म्हटलं नव्हतंस. आज दुकानातून आलास की दार आपट आणि मला त्या जुन्या, वाईट नावाने हाक मार. आई चिडली तर मी बघून घेईन.

तुझीच,
ढब्बू