तुमच्यापेक्षा दुप्पट

प्रिय दादा,

तू तिकडच्या आरोग्य खात्यात साहेब, माझं सासर नदीपलीकडच्या देशात. म्हणून दर फोनला तुझा टोमणा ठरलेला: "अगं, तुमच्याकडे एचआयव्हीवाले आमच्या दुप्पट. जपून राहा बाई." मी हसून जेवलास का विचारते.

त्या दुप्पटमध्ये मीही आहे, दादा. अकरा वर्षं झाली.

इथे गरोदर बाईची तपासणी पहिल्याच भेटीत होते. तुमच्याकडे त्यासाठी नवऱ्याची सही लागते, आणि तशी सही करणारा नवरा अजून जन्माला यायचाय. म्हणून तुमचा आकडा इतका सोज्वळ. ज्यांना कळतच नाही ते मोजले जात नाहीत, आणि मेल्यावर कुणीच मोजत नाही. आम्ही मात्र रोज गोळी घेतो आणि निर्लज्जासारखे जगतो, त्यानं आकडा फुगतो.

तुझी भाची ठणठणीत आहे, तिला लागण नाही. आज माझा रिपोर्ट बघून नर्सबाई म्हणाल्या, "विषाणू दिसतसुद्धा नाही. तुम्ही आम्हा सगळ्यांना पुरून उरणार."

हे पत्र टाकणार नाही. तू रडशील, आणि आज मला रडणारं माणूस नकोय. पुढच्या वर्षीही आमचा आकडा मोठाच येईल. मी त्यात असेन.

तुझी,
धडधाकट धाकटी