दादाचा वन्समोर

१७ नोव्हें. २००४, आसगाव
जवाहरनगरच्या क्वार्टरला कुलूप लावून आलो. चार दिवस सुट्टी. उद्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आणि रात्री नाटक. हार्टच्या ऑपरेशननंतर दादा पहिल्यांदाच स्टेजवर उभा राहणार. एकच पद. पेटीवर मी, नेहमीप्रमाणे.
वहिनीनं अंगणातच गाठलं. "भाऊजी, एकडावच गाऊ द्या. वन्समोर आला तरी पेटी बंद करजा. डॉक्टरनं सांगतलं हाय." हो म्हणालो.

१८ नोव्हें., दुपार
तालीम झाली. आवाज बसलाय जरा. पण वर गेला की तोच दादा!
वन्समोर इंग्रजी आहे हे मला पवनीला हायस्कुलात कळलं. घरात तो आपलाच शब्द. आई वाढतानासुद्धा विचारायची, "खीर वन्समोर?"
ओरडतं पब्लिक, पण ठरवते पेटी. पद संपल्यावर पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला तर नट पुन्हा मुखड्यावर येतो. सोडला तर पुढचा संवाद. एका वर्षी दादाला तीनदा मिळाला. मी सतराचा, सूर सोडतो कशाला! मंडप नुसता पेटला होता. काय दिवस होते ते...

१९ नोव्हें.
काल पद संपलं आणि मंडप उठला. वन्समोर, वन्समोर! गोंदिया जिल्ह्यातून आलेले दादाचे सासरचे पाहुणेही उभे. दादानं माझ्याकडे पाहिलं. घामानं रंग ओघळत होता. मी भाता बंद केला.
पुढचा संवाद अर्धा विसरला तो.
विंगेत एवढंच म्हणाला, "पब्लिक मांगून राहिली होती ना? काहून सोडली पेटी?"
मी वहिनीचं नाव घेतलं नाही. तिच्यावर राग कशाला? सकाळी मला न घेताच दादा धानाच्या बांधीवर गेला. फार लागलं मला.

२ डिसें., जवाहरनगर
वहिनीचा फोन. नाकाडोंगरीच्या मंडळींनी दादाला त्यांच्या गावच्या नाटकात बोलावलंय. तेच पद. त्यानं पेटीला दुसरा माणूस धरला.
"तो कायले थांबवते त्यायले? तुमीच या, भाऊजी."
"दादा काय म्हणतो?"
"म्हणते, एकडाव पोटभर गाऊ दे, मंग काय व्हायचं ते होवो."
सुट्टीचा अर्ज लिहिलाय, दिला नाही. या वेळी वहिनीला शब्द देववला नाही. खरं सांगायचं तर त्या रात्री मलाही दादा पुन्हा ऐकायचा होता.