नाचणीच्या डब्यातला रजेचा कागद

अक्का,

राजनंदिनी शाळेतून यायच्या आत मी पलटणीकडं निघालोय. माझा रजेचा कागद हरवला नव्हता. तिनंच नाचणीच्या डब्यात लपवला होता. डोकं आत्यावर गेलंय! काल शेजारच्या अदितीला सांगत होती, "कागद न्हाय तर पप्पा जात न्हाईत की!"

मला तो सोमवारीच सापडला होता. तरी चार दिवस तिच्यासमोर कपाटं उपसत बसलो. आज सकाळी "कागद मिळंपर्यंत हाय की इथंच" म्हणून तिला शाळेत धाडलं.

आल्यावर ती आधी डबाच उघडेल. जवळ राहा, पण माझी बाजू घेऊ नकोस. तिची आई गेली त्या दिवशीही मी तिला असंच शाळेत धाडलं होतं.

— ऋतुराज