बनाबाईस पुन्हा बुरुजात न चिणणेबाबत

दिनांक : २१ जुलै २००३

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
बंदरकोट जतन प्रकल्प कार्यालय,
कोल्हापूर.

विषय : तुळवेबंदर कोटाच्या दर्या बुरुजात सापडलेल्या अस्थी आमच्या कुटुंबाच्या ताब्यात मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. २) आपल्या कार्यालयाचे नारळी पौर्णिमेचे निमंत्रण.

महोदय,

मी खाली सही करणार प्रसेनजीत अण्णासो तुळवेकर, वय ३४, धंदा गवंडीकाम, शिक्षण बी.ए. (इतिहास), मूळ गाव नेसरी, सध्या राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, सविनय अर्ज करतो की,

१) तुळवेबंदरचा कोट पंधराव्या शतकातला. खाडीच्या तोंडाशी बसून येणाऱ्या गलबतांकडून घोडे, खजूर आणि मिठावर जकात घ्यायची, हे त्याचे काम. आपण लावलेल्या फलकावर इथपर्यंतचा इतिहास बरोबर आहे. पुढे लिहिले आहे की, दर्याकडचा बुरुज बांधताना तीनदा ढासळला, तेव्हा बनाबाई नावाच्या स्त्रीने तान्ह्या बाळासह 'स्वखुशीने आत्मार्पण' केले. ही बनाबाई आमच्या घरची; मागे राहिलेल्या तिच्या थोरल्या मुलाचा आमचा वंश. आमच्याकडे जुन्या हुकमाची मोडी नक्कल आहे, ती निवृत्त शिक्षक गणपतराव यांनी वाचून दिली. त्यात 'महारवाड्यातील बनाई मुलासुद्धा बुरुजास द्यावी' एवढेच आहे. खुशीचा उल्लेख नाही.

२) त्याच्या बदल्यात आमच्या घराण्याला बुरुजाचा मान मिळाला. पुढे घराणे घाटावर नेसरीला आले, तरी दर नारळी पौर्णिमेला थोरल्याने घाट उतरून जायचे आणि बुरुजापुढे पदर पसरून नारळ, शिधा व बनाबाईच्या नावाचे लुगडे घ्यायचे. देणारा ते लांबून टाकायचा, कारण आमचा विटाळ व्हायचा. आमची बाई बुरुजात चालली, आमचा हात लागलेला चालत नव्हता. छप्पन साली आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि दुसऱ्या वर्षापासून घाट उतरायचे बंद केले. ते शहाणे होते.

३) गेल्या पावसाळ्यात बुरुजाची दर्शनी बाजू कोसळली. मार्चमध्ये दुरुस्ती सुरू असताना आत अडीच हात रुंदीचा कोनाडा व त्यात एक मोठा आणि एक लहान सांगाडा सापडला. मी समक्ष जाऊन पाहिले. गवंडी म्हणून माझी नोंद अशी की, कोनाड्याचे तोंड बंद करणाऱ्या दगडांचे सांधे बाहेरून चुन्याने नीट भरलेले आहेत, पण आतल्या बाजूने, बसलेल्या बाईचा हात पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत, तो चुना ओला असताना बोटांनी खरवडलेला आहे. वीस वर्षे मी भिंती बांधतो. आतून खरवडलेला सांधा दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. 'स्वखुशीने' लिहिणाऱ्याने एकदा त्या सांध्यांत स्वतःची बोटे घालून पाहावीत.

४) अस्थी मागितल्या, तर आपल्या कार्यालयाने वारस दाखला मागितला. तो मागायला तहसील कचेरीत गेलो, तर तिथे बनाबाईच्या मृत्यूचा दाखला मागितला. ग्रामपंचायतीने लेखी दिले की, त्या सालचे दफ्तर उपलब्ध नाही. तिसऱ्या अर्जाला उत्तर आले की, सदर वस्तू वास्तूचा अविभाज्य भाग असून सामान यादीत अनुक्रमांक १७ वर नोंदलेली आहे. सोळा नंबरला चुना मळायचा दगड आहे, अठराला शिशाचे तुकडे.

५) आता १२ ऑगस्टला नारळी पौर्णिमेच्या मुहूर्तावर कोनाडा 'मूळ स्थितीत' बंद करण्याचा समारंभ ठेवला आहे, म्हणजे अस्थींसह. चौकशी केली असता कळले की, हाडे काढली तर बुरुज टिकणार नाही, अशी कंत्राटदाराची व गावकऱ्यांची भावना आहे. आणि मान स्वीकारण्यासाठी माझे वडील अण्णासो, वय ७१, यांना निमंत्रण आले आहे. त्यावर छापले आहे : 'बनाबाईंचे थेट वंशज'. अस्थी मागताना आम्ही कोणी लागत नाही आणि लुगडे घेताना थेट वंशज लागतो. धन्य आहे.

६) निमंत्रण वाचून वडील एवढेच म्हणाले, "एकदा गाडली तेवढं बास न्हाय व्हय? आता परत? आन् वर मलाच लुगडं घ्यायला बोलवत्यात!" दोन दिवस ते जेवलेले नाहीत.

७) बुरुजाच्या काळजीबाबत नम्रपणे कळवतो की, हाडे आत असतानाच तो कोसळला. भरतीचे पाणी पायाखालची वाळू ओढून नेते, हे त्याचे कारण आहे. पाया चार हात खाली, खडकापर्यंत न्यावा आणि पाणी जायला तळाशी वाट ठेवावी. नकाशा काढून सोबत जोडला आहे. हवे तर मी स्वतः येऊन बांधून देतो, मजुरी नको. त्यात कोणाला घालावे लागणार नाही.

८) तरी दोन्ही अस्थी १२ ऑगस्टपूर्वी आमच्या ताब्यात द्याव्यात. त्रिशरण-पंचशील म्हणून नेसरीत माती द्यायची, एवढीच आमची इच्छा आहे.

त्या वेळी आमच्या घराला कोणी विचारले नव्हते. या वेळीही विचारलेले नाही, फक्त बोलावले आहे. तरीही विचारले असे समजून उत्तर देतो : आमचा नकार आहे. अण्णासोंचा आहे, माझा आहे, माझ्या मुलीचा, प्रीतीचा आहे. पुढे कधी नवा फलक लागला, तर त्यावर 'कुटुंबाच्या संमतीने' असे लिहायला जागा राहू नये. म्हणून या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख व शिक्का मारून आजच पोच द्यावी. ती मिळेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून आहे.

आपला नम्र, परंतु या बाबतीत न हलणारा,

(सही)
प्रसेनजीत अण्णासो तुळवेकर