वीस गुंठे भाजी

६ ऑक्टोबर २०२४
घरामागचे वीसही गुंठे भाजीला घ्यायचे — ठरलं! वहीत नकाशा काढला. वांगी, टोमॅटो, भेंडी, गवार, कडेला दोडक्याचा मांडव. मी गुलबर्ग्यात वाढलेली, सरी आणि वाफा यांतला फरक कालच कळला. सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, नकाशा दाखवला. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात खुरपलेली बाई. त्यांनी वांग्याच्या वाफ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "वांग्याला सावलीत कामून बसिवलंस? ते काय पाव्हणं हाय?"

९ ऑक्टोबर
नकाशा परत काढला. आत्या म्हणतात, "धा गुंठे बास."

१३ ऑक्टोबर
शेजारचे इरप्पाअण्णा ट्रॅक्टर घेऊन आले. निम्मंही झालं नाही तोच आत्यांनी थांबवलं. "पाचच गुंठे, अण्णा."
लई राग आला. माझे यजमान प्रेमानंद गेले त्याला तीन वर्षं. तेव्हापासून चिंताकी गावातल्या या घरात सासू-सून दोघीच. तरी एवढा विश्वास नाही माझ्यावर? जेवले नाही. आत्यांनी माझं ताट झाकून ठेवलं — पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी जास्त वाढून, मला आवडते म्हणून. आणि स्वतःही जेवल्या नाहीत.

१४ ऑक्टोबर
विचारलंच. आत्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला एकटीला तेवढंच झेपतंय."
"एकटीला? आन् मी?"
"तू तीस वर्षांची हायेस, प्रेरणा. गुलबर्ग्याहून एक जण इचारायलेत. विलास नाव. बायको वारली त्याची. नोकरी हाय, माणूस चांगला हाय. म्या म्हणलं, तिला इचारते."
मी म्हणाले, "मी तुम्हाला टाकून जाणार न्हाई."
"लेकी सासरी जात्यात, ते काय टाकून जाणं हाय व्हय?"

१५ ऑक्टोबर
मेथी पेरली.

२० ऑक्टोबर
विलास आले होते. 'नाही' म्हणायचं ठरवूनच समोर बसले. त्यांनी विचारलं, "शेतीतलं काही कळतंय का तुम्हाला?" म्हटलं, "न्हाई. शिकायले." "मला बी न्हाई," म्हणाले आणि स्वतःच हसले. मीही हसले. मग तासभर बोलत होतो, कशावर ते आठवत नाही.
ते गेल्यावर आत्या कपबश्या विसळायला बसल्या. मीच सांगितलं, "व्हय म्हणा त्यांला."