कबुतराच्या बदल्यात सिंह

१ जानेवारी, गुरुवार. दुपारी तीन.

नवीन वर्षाची उपासना झाली. पाळकसाहेबांनी वचनांची टोपली फिरवली. डोळे मिटून एक कार्ड उचलायचं, जे येईल ते वर्षभराचं वचन. मला कबूतर आलं. खाली छापलेलं, सौम्य ते धन्य, पृथ्वीचं वतन त्यांना मिळेल. मी इलियास वसावे, बी.एस्सी. सेकंड इयर, फिजिक्स बॅकलॉग, वजन त्रेपन्न, पोलीस भरतीची तयारी चालू. पृथ्वीचं वतन घेऊन मी काय करू? मला आधी छाती पाच सेंटिमीटर फुगवायची आहे.

आईला मात्र सिंह. परमेश्वर माझ्या हातांना लढाई शिकवतो, असं वचन. आईला वाचता येत नाही. ती आयुष्यात कुणावर ओरडलेली नाही, कोंबडीला हाकलते तेही हळू आवाजात.

जेवणाला ती भात वाढायला उठली तेव्हा तिच्या फडक्यात गुंडाळलेल्या बायबलमधून सिंह काढला आणि कबूतर ठेवलं. ही चोरी नाही. एक घेतलं, एक दिलं. टोपलीत क्रम चुकला होता, तो मी सरळ केला.

संकल्प: या वर्षी कुणाचं ऐकून घ्यायचं नाही. आडवा आला की हाणायचा.

५ जानेवारी, सोमवार.

नंदुरबारला हॉस्टेलवर परत. सिंह मोबाईलच्या कव्हरमध्ये, कव्हर पारदर्शक, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो. रूममेट खात्याने विचारलं की हा कशाला. खात्या धडगावकडचा, डोंगरातला, बोलतो कमी. मी सांगितलं की मला वरून लढाईची ऑर्डर आली आहे. तो म्हणाला की आधी हमीपत्र वाच.

हमीपत्राचं असं आहे. नोव्हेंबरात बाथरूमच्या लाइनीत शेजारच्या खोलीतला चैत्या मध्ये घुसला म्हणून मी त्याच्या डोक्यात बादली घातली. म्हणजे घालणार होतो. तो वाकला, बादली नळाला लागली, नळ तुटला. गृहपाल सरांनी लिहून घेतलं की तिसऱ्या तक्रारीला खोली खाली करायची. खोली गेली की कॉलेज गेलं, कारण आमचं गाव धानोऱ्याहून आत, एसटी एकच आणि तीही तिच्या मर्जीने. म्हणजे अजून दोन तक्रारी शिल्लक आहेत. दोन पुष्कळ झाल्या.

रोज पन्नास जोर काढायचे. आज अकरा झाले. उरलेले एकोणचाळीस उद्या.

८ जानेवारी.

जोर साचून एकशे एकोणनव्वद झाले. एकदम एवढे काढणं शास्त्रीय नाही. सोमवारपासून नव्याने.

१९ जानेवारी, सोमवार. सकाळी.

रोजचं शास्त्रवाचन पक्कं चालू आहे. फक्त मारामारीचे अध्याय घेतो. शमशोनाने गाढवाच्या जबड्याने हजार माणसं लोळवली, हे वाचून भरतीबद्दलची सगळी शंका गेली. मागच्या वर्षी काय होणार, मास्तर होऊ की फौजदार, पास तरी होऊ का, असले विचार येऊन जेवण जात नव्हतं. आता जेवण जातं. मत्तयचा पाचवा अध्याय जवळ आला की चार पानं एकदम उलटतो. तिथे दुसरा गाल पुढे करायचं आहे, ते भरतीला उपयोगाचं नाही.

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये धीरज रोज माझ्या जागी बसतो. प्रकाशा गावचा, घरी केळी आणि ऊस, कॉलेजच्या कबड्डी टीमचा कॅप्टन, वजन नव्वदच्या पुढे. आज म्हणे, ए बारक्या, सरक ना थोडं. सरकलो. पण आतून सरकलो नाही.

२२ जानेवारी, गुरुवार.

हाणला. मागून, दोन्ही हातांनी, पाठीत, पूर्ण ताकदीने. कुणी हाक मारली असं वाटून धीरज वळला. वळताना त्याचं कोपर माझ्या नाकावर बसलं. रक्त जर्नलवर, एप्रनवर, थोडं टेस्ट ट्यूबमध्ये. धीरज म्हणे, लागनं का भो, देखू दे. त्याने मला खाली बसवलं, मान वर धरली, स्वतःचा रुमाल दिला आणि जागासुद्धा दिली.

म्हणजे शत्रूने माघार घेतली आणि भूमी सोडली. नाक दुखतंय. पहिला विजय.

३० जानेवारी.

धीरज परत माझ्या जागी बसला. तह मोडला. याची आता जिरवायलाच पाहिजे.

१० फेब्रुवारी, मंगळवार.

गोळाफेकीची प्रॅक्टिस. गोळा मागे गेला. तिथे चैत्या उभा होता, तो वेळेवर पळाला, मग मी चिडून गोळा आपटला तो माझ्या डाव्या अंगठ्यावर. नख निळं. चैत्या हसला म्हणून त्याच्या अंगावर धावून गेलो, लंगडत. तो चालत चालत निघून गेला तरी मला गाठता आलं नाही. पळाला भेकड.

१ मार्च, रविवार.

आईचा फोन, शेजारच्या धनुबाईच्या मोबाईलवरून. वडील गेले त्या वर्षी आम्ही जंगलाकडच्या दोन एकरांवर वनहक्काचा दावा टाकला होता. आजोबा कसत होते ती जमीन. अकरा वर्षं झाली. आता सोळा मार्चला नंदुरबारच्या ऑफिसात कागद तपासणार आहेत. तिने विचारलं की येशील का, कागद वाचून दाखवायला, मला नुसती अक्षरं दिसतात. मी येतो म्हणालो. आणि समजावलं की तिथे आवाज चढवू नको, भांडू नको, गप्प बसून राहा. तुझं वर्ष सौम्य आहे, हे मात्र सांगितलं नाही.

ती म्हणाली, तू मारामाऱ्या करतोस का रे. मी म्हणालो, आत्मिक लढाई चालू आहे.

११ मार्च, बुधवार.

योजना तयार. स्टेशनपलीकडे पळायला जातो तिथे मिरचीच्या पथाऱ्या आहेत, जिकडे बघावं तिकडे लाल. मूठभर वाळकी मिरची उचलली, खोलीत तांब्याने कुटली. खात्या खोकून खोकून व्हरांड्यात गेला. त्याने विचारलं की भाजी करतोस का. मी म्हणालो, न्याय करतो. पुडी बांधली. उद्या कबड्डीच्या ग्राउंडवर, पाच वाजता, डोळ्यांत.

१२ मार्च, गुरुवार. सिव्हिल हॉस्पिटलच्या बाकावरून.

वारा उलटा होता. हे आधी कुणी सांगायला हवं होतं.

मी पुडी उघडली, हात मागे घेतला, तेवढ्यात खात्या ओरडत मला धरायला आला. अर्धी मिरची माझ्या तोंडावर आणि अर्धी त्याच्या डोळ्यात. धीरजला एक कण लागला नाही. मी आंधळ्यासारखा मुठी फिरवत होतो, दोन ठोसे बसलेसुद्धा, नंतर कळलं की दोन्ही खात्याला. शेवटी मी शेजारच्या फुटबॉलच्या गोलपोस्टवर आपटलो. डोळ्याखाली काळं आलं आहे.

धीरजने आम्हा दोघांना पाण्याच्या टाकीखाली धरलं, मग बाईकवर पुढे मला आणि मागे खात्याला बसवून इथे आणलं. वाटेत एवढंच बोलला, मिरची खावानी ऱ्हास भो, फेकानी नही. खात्याच्या डोळ्याच्या बुबुळाला जखम आहे. पंधरा दिवस पट्टी. त्याची प्रॅक्टिकल परवापासून.

तक्रार क्रमांक दोन. ती वाऱ्यावर पडायला हवी.

१६ मार्च, सोमवार. सकाळी अकरा.

आई ऑफिसात आली असेल. इथून दहा मिनिटं. पण हे तोंड घेऊन कसा जाऊ? डोळा सुजून बंद, नाक अजून वाकडं, ती बघेल आणि ऑफिसातच रडेल, साहेबावर वाईट इंप्रेशन पडेल. न जाणं हेच तिच्या हिताचं आहे. फोन उचलला नाही. नंतर उचलला तर आधी का नाही उचलला विचारेल, म्हणून नंतरही उचलला नाही.

संध्याकाळी.

कळलं ते असं. दुपारी आई हॉस्टेलच्या गेटवर आली होती, भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन. मी खाटेखाली होतो. खात्या खाली गेला. त्याने सांगितलं की इलियास एक्स्ट्रा लेक्चरला गेलाय. मग एका डोळ्यावर पट्टी असलेला तो खात्या आईबरोबर ऑफिसात गेला आणि दुसऱ्या डोळ्याने तिला सगळे कागद वाचून दाखवले. उद्याही जाणार म्हणतो.

माझ्या आईला हा कोण वाचून दाखवणारा? भाकरी मात्र मी खाल्ली. चार.

१८ मार्च, बुधवार.

आई आजही आली होती. तीन दिवस सकाळच्या बसने यायची, दारापाशी बसायची, संध्याकाळच्या बसने जायची. खात्या सांगत होता की कुणी उद्या या म्हणालं की ती बरं म्हणायची आणि तिथेच बसायची. शिपायाने हाकललं तर दोन पावलं मागे सरकून परत बसायची. शेवटी साहेबांनी आत बोलावलं.

पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर खात्याला मोठेपणा मिळाला असता.

२८ मार्च, शनिवार.

खात्याची पट्टी सुटली. प्रॅक्टिकल बुडाली. सकाळी उठतो, त्या लाल डोळ्याने माझ्याकडे बघतो आणि विचारतो की चहा घेशील का. हे सहन होत नाही. माणसाने शिव्या द्याव्यात, कॉलर धरावी. चहा विचारणं म्हणजे सरळ हल्ला आहे.

आज चहा विचारला आणि माझ्या डोक्यात गेला. त्याची पत्र्याची पेटी उचलली आणि जिन्यावरून फेकली. वरच्या मजल्यावरून तळापर्यंत, प्रत्येक पायरीवर आवाज. झाकण एकीकडे, शर्ट एकीकडे. फेक उत्तम होती, गोळा असा गेला असता तर भरती झालीच होती. मग खात्याने मला एक थोबाडीत मारली. एकच. मी पेटीच्या मागोमाग सात पायऱ्या गेलो. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

गृहपाल सर आले. खात्या म्हणाला की पेटी माझ्याच हातून निसटली सर, हा उचलायला मदत करत होता. म्हणजे एवढी सुंदर फेक त्याच्या नावावर. मी पुढे होऊन स्पष्ट सांगितलं की सर, हा खोटं बोलतोय, पेटी मीच फेकली, एका दमात, एका हाताने.

सरांनी कपाटातून हमीपत्र काढलं.

३१ मार्च, मंगळवार. एसटीत.

खोली खाली केली. हा अन्याय नाही, ही वाळवंटातली तयारी आहे. मोठ्या माणसांना आधी वाळवंटात पाठवतातच. परीक्षा घरून देईन. एसटी आली तर.

स्टॅंडवर धीरज आणि खात्या दोघं सोडायला आले होते. धीरजने बॅग टपावर टाकली. मी खात्याला सॉरी म्हणणार होतो, तेवढ्यात गाडी हलली. म्हणजे पाच मिनिटांनी हलली, पण मूड गेला होता.

मिरचीच्या दिवसानंतर आज पहिल्यांदाच मोबाईल उलटा करून कव्हर पाहिलं. टाकीखाली धरलं होतं त्या दिवशी पाणी शिरलं असणार. सिंह पूर्ण पुसून गेला आहे. नुसता पिवळा डाग, वाचता काही येत नाही.

३ एप्रिल.

आई काही विचारत नाही. मला दूध जास्त देते. जमिनीचा पट्टा मिळाला म्हणे, दोन एकर, तिच्या नावावर. कागद बायबलच्या फडक्यातच गुंडाळून ठेवला आहे. मी त्या फडक्याला हात लावला नाही.

५ एप्रिल, ईस्टर. दुपारी.

हे लिहून ठेवायचं म्हणून लिहितो.

पाळकसाहेबांनी विचारलं की कुणाला साक्ष द्यायची आहे का. आई उभी राहिली. माझी आई, जी चारचौघांत पाणीसुद्धा मागत नाही. म्हणाली की एक जानेवारीला मी टोपलीतून उचललं तेव्हा सिंहाचं चित्र होतं, मला अक्षर कळत नाही पण सिंह कळतो. घरी फडकं सोडलं तर कबूतर. धनुबाईच्या सुनेकडून वाचून घेतलं. तर त्यात जमिनीचा शब्द होता.

ती म्हणाली की पोराच्या हातात कबूतर मी चर्चमध्येच बघितलं होतं, मला लगेच समजलं. माझ्या पोराला जमिनीचं वचन आलं होतं, आणि आई अकरा वर्षं वाट बघते आहे म्हणून त्याने गुपचूप ते मला दिलं. लढाईचं, मार खायचं वचन स्वतःकडे घेतलं. मला सांगितलंसुद्धा नाही. मी तीन दिवस त्या दारात बसले ती त्याच्या वचनावर बसले. आणि माझ्या वाटणीचा मार याने खाल्ला, बघा त्याचं तोंड.

सगळ्या चर्चने माझं तोंड बघितलं. धनुबाई पदराने डोळे पुसत होती. आईच्या डोळ्यांत पाणी, माझ्याकडे असं बघत होती की मला त्या जिन्यावरून परत एकदा पडावंसं वाटलं.

पाळकसाहेब म्हणाले, इलियास, दोन शब्द बोल.

मी उभा राहिलो. सगळं खरं सांगून टाकायचं ठरवूनच उभा राहिलो. कार्ड, पुडी, खात्याचा डोळा, खाटेखालची दुपार, चार भाकरी, सगळं क्रमाने डोक्यात लावलं. तोंड उघडलं.

आमेन म्हणालो आणि बसलो.