गव्हाणीतली माती

३ डिसेंबर १९७२, रविवार

आज आम्ही मायलेकी वस्तीवर पोहोचलो. सोनईपर्यंत एसटी आणि पुढे तीन मैल बैलगाडी. देवळाची घंटा वाजवणारे पुंजाराम स्वतः गाडी घेऊन आले होते. बैलांच्या बरगड्या दिसत होत्या, पण पुंजाराम वाटभर भजनं म्हणत होते. एस्तेर त्यांच्या शेजारी बसून कासरा मागत होती.

चाळीस ख्रिस्ती घरं, मधोमध दगडी देऊळ, देवळाला लागून शाळा आणि शाळेमागे मास्तरीणबाईंची खोली. ती मास्तरीणबाई आता मी! हे गेल्यापासून दोन वर्षं नगरला दिरांच्या घरी काढली. आज पहिल्यांदा स्वतःची किल्ली हातात आली. एस्तेर सहा वर्षांची आहे. तिनं खोलीच्या चारही कोपऱ्यांत उभं राहून मोठ्यानं आपलं नाव घेतलं, कुठं जास्त घुमतं ते बघायला. खिडकीखालचा कोपरा जिंकला. तिथेच तिची पथारी घातली आहे.

पाण्याचे हाल आहेत. टँकर दोन दिवसांनी येतो, घराला तीन हंडे. पण माणसं मायेची वाटली.

९ डिसेंबर, शनिवार

नाताळची तयारी सुरू झाली. इथं सगळं जुन्या पद्धतीनं करतात. पुंजारामांनी कामट्यांचा तारा बांधला, मुलांनी त्याला पतंगाचा कागद लावला. खळ करायला पीठ नाही, म्हणून बाभळीचा डिंक. जुन्या वह्यांच्या पानांच्या साखळ्या हळदीच्या आणि कांद्याच्या टरफलांच्या पाण्यात रंगवल्या. देवळातल्या लोखंडी पेटीतून कुण्या मडमेनं मागे ठेवलेले काचेचे गोळे निघाले. तीनच शाबूत आहेत. ते बाभळीच्या फांदीला टांगले.

देखरेख झुंबरबाईंची. वस्तीतली सर्वांत म्हातारी बाई, एकटी राहते, जन्मभर सुईणपण केलं. येशूबाळाच्या गव्हाणीची रीत त्यांनीच सांगितली. मातीची चित्रं दरवर्षी नवी करायची आणि नाताळची उपासना झाली की दिवस मावळायच्या आत विहिरीत सोडायची. घरात राहिली तर माणूस त्यांना हात जोडायला लागेल, असं पहिल्या पाळकांनी बजावलं होतं. माती विहिरीच्या तळाचीच हवी. मेंढरं आणि बाळाच्या दर्शनाला उंटांवरून आलेले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, मुलांनी करायचे, बाळ मास्तरीणबाईंनी.

मी सरावाला एक मेंढरू केलं. शेजारची केशरबाई दुष्काळी कामावर खडी फोडून येत होती. बघून म्हणाली, “मास्तरीनबाई, ह्ये मेंढरू हाय का बटाटा? बाळ तरी मानसावानी करा, न्हाई तर मागी लोक उंट वळवून माघारी जातील!” एस्तेर हसून हसून लोळली.

संध्याकाळी बायका आपल्या हंड्यातलं तांब्याभर पाणी देवळामागच्या कडुनिंबाखाली ओतताना दिसल्या. एवढ्या टंचाईत झाड जगवणारी माणसं! मला भरून आलं.

१३ डिसेंबर, बुधवार

विहिरीत उतरले. पाणी तर नाहीच. तळाशी होती नव्हती ती ओली माती मुलांनी मेंढरांसाठी नेली, उरलेली खापरासारखी कडक. भिजवायला कुणाकडे पाणी मागायची लाज वाटली. परत येताना कडुनिंबाखालची जमीन दिसली, काळी, मऊ, लोण्यासारखी. दोन ओंजळी उकरून घेतल्या.

बाळ सुरेख झालं. माझे हात कधी इतके सहज चालले नव्हते. झुंबरबाईंनी विचारलं, माती खालचीच ना. मी होय म्हटलं. एवढ्याशा गोष्टीसाठी म्हातारीचा विरस कशाला करायचा.

१७ डिसेंबर, रविवार

आज बाळ गव्हाणीत ठेवलं. शाळेतल्या सर्वांत धाकट्या मुलानं ते ठेवायचं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन आपलं नाव सांगायचं, म्हणजे देव त्याला वर्षभर विसरत नाही, अशी इथली समजूत. सर्वांत धाकटी एस्तेरच. तिनं नाव इतक्या जोरात सांगितलं की केशरबाई मागून म्हणाली, “अगं, बाळ काय बहिरं हाय?” सगळं देऊळ हसलं.

एकच नवल वाटलं. मेंढरं दोन दिवसांत वाळून भेगाळली. बाळ चार दिवस उन्हात होतं, तरी ओलंच आहे.

१८ डिसेंबर, सोमवार

हजेरी घेताना मी एस्तेरचंच नाव गाळलं. मुलं हसली. ती हात वर करून उभी होती म्हणे. रजिस्टरात नाव आहे, माझी नजरच त्यावरून घसरली. थकवा असेल.

एस्तेर सारखं पाणी मागते. तिचा वाटा संपला, मग माझा दिला.

१९ डिसेंबर, मंगळवार

केशरबाईनं रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची अर्धी भाकरी आणून दिली. एकल्या जिवाला एवढी पुरं, म्हणाली. एस्तेर माझ्या मांडीला टेकून बसली होती. मी चिडून विचारलं, आणि हिला? केशरबाईनं वाकून पाहिलं. मग ओशाळून म्हणाली, “अगं बया! ही हितंच हाय व्हय? दिसलीच न्हाई मला.”

दुपारी मी शाळेत असताना पुंजारामांनी खोलीला बाहेरून कडी घातली. आत कुणी नाही असं वाटलं, म्हणाले. पाणी प्यायला गेलेली एस्तेर आत ओरडत होती. घसा बसला आहे. ओठ फुटले आहेत.

२० डिसेंबर, बुधवार

सकाळी तिला उठवायला तोंड उघडलं आणि नाव आलं नाही.

वहीची मागची पानं काढून वाचलं. एस्तेर. वही मिटली की परत गेलं. पुन्हा उघडली. इथे उतरवून ठेवते. एस्तेर. माझी मुलगी. हनुवटीखाली भाजल्याचा डाग आहे, ती दोन वर्षांची असताना चुलीशी पडली होती तो.

ती म्हणाली, आई, माझ्याकडे बघ ना. मी तिच्याकडेच बघत होते.

देवळात गेले. बाळाखालच्या कडब्यातल्या चुकार दाण्यांना हिरवे कोंब फुटले आहेत. सगळ्या तालुक्यात तेवढंच हिरवं असेल.

२१ डिसेंबर, गुरुवार

झुंबरबाईंना खरं सांगितलं. माती कुठली ते ऐकल्यावर त्यांनी कडुनिंबाखालचं सांगितलं.

बाप्तिस्म्याआधी गेलेली तान्ही मुलं तिथं पुरली आहेत. जुन्या पाळकांनी त्यांना इतरांशेजारी जागा दिली नाही, नावही ठेवू दिलं नाही. म्हणून बायका आपल्या वाट्याचं पाणी तिथं ओततात. तेवढाच त्यांचा बाप्तिस्मा. “तुमी उकरलं तितंच माझी पयली हाय,” त्या म्हणाल्या. “साठ वर्सं झाली. तिला नाव न्हाई. पानी घालताना मी नुस्तं ‘अगं’ म्हनते.”

बिननावाच्या जिवाच्या कानात माझ्या लेकीनं आपलं नाव सांगितलं होतं.

त्यांना एकच उपाय दिसत होता. मातीचं बाळ कडुनिंबाखाली परत पुरायचं आणि तिथल्या मुलीला तिच्या आईनं, म्हणजे झुंबरबाईंनी, तिचं स्वतःचं नाव द्यायचं. मी पाय धरले. उद्या सकाळी येते म्हणाल्या.

२२ डिसेंबर, शुक्रवार

जाग आली तर नाव ओठांवर होतं! एस्तेर! पथारी रिकामी, बाहेर हसण्याचा आवाज. अंगणात केशरबाई तिची वेणी घालत होती. ती धावत येऊन मला बिलगली.

केस ओले होते. अंग माठासारखं गार. पाणी नको म्हणाली.

मी तिची हनुवटी वर केली. डाग नाही.

देवळात गेले. गव्हाणीतलं बाळ रात्रीत वाळून तडकलं आहे. ओठाशी भेग. हनुवटीखाली एक काळपट डाग. तो मी केलेला नाही.

झुंबरबाई आल्या नाहीत.

२३ डिसेंबर, शनिवार

बाळ उचलायला गेले. कानाची कड माझ्या बोटांत निघून आली. तसंच खाली ठेवलं. पाण्याचं बोट लावलं तर माती विरघळते, न लावावं तर तडकते. हलवू कशी —

झुंबरबाईंच्या घरी गेले. ती, डाग नसलेली, त्यांच्या मांडीवर बसली होती. म्हातारी तिच्या पायांना तेल लावत होती. चला म्हटलं, आताच पुरू या, तुम्ही नाव द्या. त्या रडायला लागल्या. “तिला नाव मिळालं, बाई. आता मीच कसं काढून घिऊ? तुमाला सा वर्सं आई म्हनलं कुनी. मला येकदा तरी म्हनू द्या.”

मी ओरडले. ती घाबरून माझ्याच पदराखाली शिरली.

२४ डिसेंबर, रविवार

सोनईहून पाळकसाहेब आले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि तिच्याकडे बोट दाखवलं. मुलगी तर तुमच्यासमोर उभी आहे, म्हणाले. दुष्काळ, एकटेपण, उपास. विश्रांती घ्या.

सगळ्यांना ती दिसते. सगळे तिला नावानं हाक मारतात. कुणी न शिकवता ती मला जेवायला वाढते. वाईट असती तर —

उद्या ऊन कलायच्या आत चित्रं विहिरीत जाणार. विहिरीत पाणी नाही. तळाशी दगड आहेत.

२५ डिसेंबर, सोमवार. दुपार

उपासना झाली. बायकांनी मेंढरं, मागी, बाळ एका टोपलीत भरलं. मी टोपली ओढली. केशरबाईनं माझी बोटं एकेक करून सोडवली, हळूच, दुखू नये अशी. मला खोलीत आणून बसवलं. भाकरी आणते म्हणाली.

दाराला कडी घातलेली नाही. कुणी अडवलेलं नाही. विहीर दोनशे पावलांवर. गात गात चालली आहेत, गाणं अजून कडुनिंबाशीच आहे. उठते.

ती आली. मांडीवर डोकं ठेवलं. विचारते, आई, मला परत तिथं ठेवणार? तिथं अंधार असतो.

मी नाही म्हटलं नाही. हो पण —

आज तिचं अंग कोमट आहे.

झोप लागली की डोकं खाली ठेवून पळत जायचं. आता लागेलच. माझा डावा हात तिला थोपटतो आहे. कधीपासून, ते —

गाणं विहिरीशी पोहोचलं.

अजून शेवटचं कडवं आहे. धावले तर —

तिनं झोपेत माझं बोट धरलं आहे. एवढं घट्ट. तान्ही धरतात तसं. सोडवते. सोडवतेच —

गाणं थांबलं.

विहिरीकडून कुणीतरी हाक मारतंय. आई म्हणून. घसा बसलेला आहे, तरी मला कळतं कोण —

इथून ओ दिली तर ही जागी होईल. म्हणून जरा —